टाकीवरचा लेप

त्या वर्षी आकाशातून काहीतरी पडणार आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पंचफुलाला धास्ती होती ती टाकीवरून पडणाऱ्याची.

एकोणऐंशीचा जून लागून आठवडा झाला होता. मृग कोरडाच चालला होता. ढग यायचे, पाहुण्यासारखे टेकायचे आणि पाणीही न पिता उठून जायचे. अंग दिवसभर चिकट असायचं. अमेरिकेनं वर सोडलेलं स्कायलॅब नावाचं घराएवढं यंत्र आता खाली येणार, कुठं येणार ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नाही, असं रेडिओ सांगत होता. केनवडच्या अलीकडल्या त्या गावात कुणी कोंबड्या कापून खाल्ल्या, कुणी लेकींना माहेरी बोलावून घेतलं. मरायचंच आहे तर एका ठिकाणी मरू, असा हिशेब.

गावाच्या टोकाला दूध सोसायटीचं केंद्र होतं. विटांच्या उंच चौथऱ्यावर एक लोखंडी टाकी, शेजारी डिझेलच्या इंजिनावर चालणारं, दूध गार करायचं यंत्र. आसपासच्या गावांचं दूध टाकीत जमायचं, थंड व्हायचं आणि टँकर आला की अकोल्याला जायचं. टाकी कुठल्याशा बंद पडलेल्या डेअरीतून जुनी आणलेली. तिच्या अंगावरचं आवरण वाटेतच फाटून गेलं होतं. उघड्या लोखंडात दूध थंड राहीना. इंजिन दिवसभर धडधडे, तरी टँकर येईपर्यंत दुधाला वास लागे. थर्माकोलच्या लाद्यांना वरून मंजुरी हवी होती आणि मंजुरी ढगांसारखीच वागत होती.

तेव्हा सोसायटीचे चेअरमन पुंजाजी यांनी बौद्धपुऱ्यातल्या पंचफुलाला बोलावून घेतलं.

पंचफुला आसेगावची लेक. लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिला नीट सारवताही येत नव्हतं. शिकवलं ते सासूनं, केशरबाईनं. छप्पन साली केशरबाई नागपूरहून दीक्षा घेऊन आली ती थेट भिंतीपाशी गेली. देवळीतले देव काढले, नदीवर नेऊन सोडले, आणि रिकामी देवळी मातीनं भरून लिंपून टाकली. पंचफुला तेव्हा नवी नवरी. सासूनं तिचा हात धरून भिंतीवरून फिरवला होता. "सांग, कोठी होती देवळी?" पंचफुलाला सांगता आलं नाही. "अस्सं लिंपाव, माय. बोटालेबी समजलं नाई पायजे."

तेवढं एक वाक्य तिनं आयुष्यभर हातात धरलं. तिनं लिंपलेली कणगी पावसाळ्यामागून पावसाळे तडा न जाता उभी राही. सगळ्या गावाच्या कणग्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. धान्याला तिचा हात चालत होता. दुधाचं वेगळं होतं. पुऱ्यातल्या विमलबाईची म्हैस चांगली दुभती, पण तिचं दूध केंद्रावर सगळ्यांच्या शेवटी ओतलं जाई. कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. विमलबाईच मागं थांबत असे.

"आतून काई हात लावाचं काम नाई," पुंजाजी म्हणाले होते. "बाहेरून लेप दे. कणगीले देतं तसा. दूध थंड राह्यलं पायजे, बस. पोळ्यापर्यंत टिकला तं तुले केंद्रावर कायम करतो. टाकी धुनं, कॅना धुनं, सारं."

पुंजाजी हे बोलून गेले खरे, पण ते ऐकून पंचफुला घरी आली ती बसेचना. पुऱ्यातल्या कुणाला केंद्रावर काम मिळालेलं नव्हतं. कॅना धुणं म्हणजे दुधाच्या भांड्याला हात लावणं.

पालथ्या घमेल्यावर तिनं आधी लेप देऊन पाहिला. गावठाणातली पांढरी माती, गव्हाचा भुसा, जिनातला कापसाचा कचरा, बाभळीचा डिंक. माती जास्त घातली की लेप घट्ट बसे, पण जड होई आणि थंडी त्यातून आरपार बाहेर येई. भुसा वाढवला की लेप हलका, उबदार, लोखंडाला थंडी सोडू न देणारा, पण बोट लावलं की भुगा. मग घमेलं सुलट करून आत गारीगारवाल्याकडचे बर्फाचे तुकडे ठेवून ती बाहेरून गाल लावून बघायची. लेक वच्छला हसायची. "माय, घमेल्याले ताप आला काय?"

शेवटी तिला मधलं प्रमाण सापडलं. चार बोटं जाडीचा लेप तिनं टाकीवर चढवला, वर जवसाचं तेल दिलं आणि गुळगुळीत दगडानं घोटत राहिली. कुठं छिद्र नको, चीर नको. कुणी म्हणायला नको की हिच्या हाताखाली फट राहिली आणि घाण आत गेली. टाकी अंड्यासारखी चमकायला लागली. लोक बघायला आले. दुपारी इंजिन बंद ठेवता येऊ लागलं, आणि त्या शांततेत चिमण्या ऐकू यायला लागल्या तेव्हा पुंजाजी स्वतःशीच हसले.

आठवडा जेमतेम गेला असेल. एके सकाळी दूध मोजणं चाललेलं असताना परातीएवढा पोपडा टाकीच्या पोटावरून सुटला आणि खाली धुरपताबाईच्या उघड्या कॅनमध्ये पडला. मोजायचं टेबल टाकीच्या सावलीत, अगदी चौथऱ्याला लागून होतं.

धुरपताबाईची जीभ पंचक्रोशीत प्रसिद्ध. दूध ओतून द्यावं लागलं, त्यापेक्षा तिला सापडलेला विषय मोठा होता. "पाहा वो बाप्पा! सारे वर पाहून राह्यले, अन् पंचफुलीचं स्कायलॅब इथंच पडलं!"

सगळे हसले. पंचफुलाही हसली, कारण न हसणं जास्त दिसलं असतं. मग कुणीतरी मागून, हळू आवाजात म्हणालं, "त्यायच्या हातचं दुधाजवळ नेलं की असंच व्हाचं." त्यावर मात्र कुणी हसलं नाही. 

तिनं जागा साफ केली, नवा लेप दिला. या वेळी माती थोडी वाढवली, तेल दोनदा दिलं, दगडानं हात सोलेस्तोवर घोटलं. तो सुटला तेव्हा पहिल्यापेक्षा मोठा सुटला. मग पुंजाजींनी कोंबड्याच्या खुराड्याची तारेची जाळी आणवली. जाळी टाकीला आवळली, तिच्यावर लेप. लेप धरला खरा, पण ताराच थंडी बाहेर आणू लागल्या. जिथं जिथं तार, तिथं तिथं घाम फुटल्यासारखं पाणी. इंजिन पुन्हा दुपारभर धडधडू लागलं. आणि एक दिवस जाळीसकट लेपाची पट्टी फाटक्या गोधडीसारखी लोंबायला लागली.

"पुढल्या आठवड्यात अकोल्याचे साहेब तपासनीले येऊन राह्यले," पुंजाजी तिच्याकडे न बघता म्हणाले. "त्यायच्या समोर पडलं तं सारं खरडून टाकू. रिसोडचा गवंडी सिमेंट मारून दीन. अन् मंग त्या कायमचं तू मले इचारू नको."

त्यानंतर पंचफुलाला घरात बसवेना. काटक्या आणायच्या निमित्तानं ती केंद्रावरून जाई, शेण गोळा करायच्या निमित्तानं परत येई. भाकर थापताना मधेच थांबून कान देई. दूर कुणी गोणी टाकली तरी ती उंबऱ्याबाहेर येई. तिचा नवरा गोविंदा जऊळक्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता, सुट्टीला घरी यायचा. त्यानं तिची ही घालमेल पाहिली आणि म्हणाला, "कायले जीव जाळून राह्यली? सोड ते काम. चाल जऊळक्याले, खोली हाये."

"अन् हे लोक काय म्हनतीन?"

"म्हनू दे."

"तुमाले म्हनू दे. माह्या हाताले म्हनतीन ना ते."

गोविंदानं विडी पेटवली. या बाईशी हातावरून बोलण्यात अर्थ नाही, हे तो जाणून होता.

केंद्रावरचा इंजिनवाला प्रेमसिंग. जवळच्या तांड्यावरचा, तरुण, गप्पिष्ट. पण लेपाची गोष्ट निघाली की तो कुठलातरी नट आवळायला वाकायचा. पंचफुलाच्या ते लक्षात आलं. एका दुपारी ती त्याच्यासमोर खालीच बसली.

"प्रेमसिंग, तू दिवसभर इथंच असतं. कवा पडते रे हे? थंड असताना का टँकरनं दूध नेल्यावर?"

"मले काय मालूम, मावशी."

"तुले मालूम हाये. तू त्या नटाले तिसऱ्यांदा आवळून राह्यला."

प्रेमसिंगनं पाना खाली ठेवला. "चेअरमनले सांगशीन तं नाई ना?" मग तो सांगू लागला. टँकर दूध घेऊन गेला की टाकी आतून गरम पाण्यानं धुवायची असते. पाणी कोमट चालतं, पण लोणी चिकटलेलं निघत नाही, घासायला वेळ लागतो. म्हणून तो उकळतंच पाणी सोडायचा. "बस, झटपट काम. पन धुतलं की आतून कडकड आवाज येते, मावशी. अन् मंग त्याच दिवशी, नाई तं दुसऱ्या दिवशी पोपडा. मी म्हटलं, सांगितलं तं माह्यावरच येईन."

पंचफुलाला त्याचा राग यायला हवा होता. पण ती उठली आणि टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक करत निघाली. भरीव, भरीव, भरीव. आणि मग एका जागी आवाज बदलला. वरून आरशासारखं गुळगुळीत, आत पोकळ. फुगलेल्या भाकरीवर बोट वाजवल्यासारखं.

ती तिथंच उभी राहिली. भाकर कधी फुगते? कुठं चीर नसली, काठ फाटला नाही, तर आतली वाफ कोंडते आणि पापुद्रा सुटतो. फाटकी भाकर फुगत नाही. टाकी थंड असताना लोखंडाला घाम येत होता, लेपाच्या पाठीमागं. उकळतं पाणी पडलं की त्या घामाची वाफ. आणि तिला बाहेर यायला वाट नव्हती, कारण पंचफुलानं एकही वाट ठेवली नव्हती. जितकं जास्त घोटलं, तितका मोठा पोपडा सुटला. पडणारा लेप तिच्या निष्काळजीपणानं पडत नव्हता. तो तिच्या भीतीनं पडत होता.

हे कळून तिला बरं वाटलं नाही. उपाय समजला आणि तोच तिला नको होता. चांगल्या लेपाला भोकं पाडायची, आणि तीही सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत.

साहेब आले ते जीपमधून. चाळिशीचे, घामेजलेले, हातात रुमाल. पुंजाजींनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला. ते मात्र चहा तसाच ठेवून टाकीभोवती फिरले. पोकळ जागी त्यांनीही टकटक केलं.

"कुणी केला हा लेप?"

पुंजाजींनी हनुवटीनं दाखवलं. पंचफुला कुंपणापाशी उभी होती. तिनं वाफेची गोष्ट सांगितली. उकळत्या पाण्याचं सांगताना प्रेमसिंगचं नाव तिनं घेतलं नाही. प्रेमसिंग स्वतःच पुढं आला आणि म्हणाला, "मीच सोडलं, साहेब." पुंजाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा मागं झाला.

साहेब चौथऱ्यावर टेकले. "भोकं पाडलीत तर वाफ निघेल, हे खरं. पण त्याच भोकांतून बाहेरची दमट हवा आत जाईल. पाठीमागचा घाम वाढेल. थंडीही थोडी निसटेल, इंजिन जास्त चालवावं लागेल."

"मंग सिमेंट मारू ना, साहेब," पुंजाजी म्हणाले.

"सिमेंट पडणार नाही. पण त्याच्यातून थंडी सरळ बाहेर जाईल. मग लेप असून काय आणि नसून काय?" ते थोडं हसले. "तुम्हीच एकटे नाही अडकलात, चेअरमन. मी मासिकात वाचलं. हे स्कायलॅब पडतंय ना, त्यानंतर अमेरिकेवाले नवं यान बांधताहेत. त्याच्या इंधनाची टाकी केवढी तरी मोठी, आणि आतलं इंधन बर्फाहून कितीतरी पट थंड. तिलाही बाहेरून लेप द्यावा लागतो. फेसाचा. वाळला की कडक होतो, हलका. जाड केला तर वजन वाढतं, पातळ केला तर बाहेर बर्फ धरतो. आणि उडताना त्यातलं काही सुटून यानावर आपटलं तर काय, ही त्यांनाही काळजी."

"त्यायच्या टाकीवर कोन लेप देते?" पंचफुलानं विचारलं.

साहेबांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "असतील कोणी कामगार. यंत्रानं फवारतात म्हणे."

"अन् त्यायचा नाई पडत?"

"तेच तर म्हणतोय. अजिबात पडणार नाही असा लेप कुणालाच जमलेला नाही. हलका हवा, घट्ट हवा, थंडी राखणारा हवा. सगळं एकदम मिळत नाही, बाई. काय सोडायचं ते आपण ठरवायचं."

जीप गेली. साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. पुंजाजी एवढंच म्हणाले, "अजून एक डाव. हा शेवटचा."

पंचफुला ओट्यावर बसून राहिली, उठली, पुन्हा बसली. काय सोडायचं? हलकेपण सोडलं तर सिमेंट घेऊन गवंडी आला. थंडी सोडली तर दूध गेलं. तिच्या हातात उरलं होतं एकच. देखणेपण. बोटालाही कळू नये असं जे काही ती वीस-बावीस वर्षं करत आली होती, ते.

दुसऱ्या दिवशी ती सुतळी ओवायची दाभण आणि एक बोथट विळा घेऊन केंद्रावर गेली. जुना लेप खरडला, जाळी काढली, नवा चढवला. तेल दिलं नाही. ओला असतानाच विळ्यानं त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या, लोखंडापर्यंत नाही, पण खोल. सगळ्या टाकीवर तळहाताएवढे चौकोन पडले. मग प्रत्येक चौकोनात दाभणीनं भोकं. पहिलं भोक पाडताना तिचा हात थांबला. केशरबाई जिवंत असती तर तिनं सुनेचा हात धरला असता. धरला नसता तरी तोंड फिरवलं असतं.

"अवो, टाकीले देवी आल्या काय?" धुरपताबाई कॅन टेकवत म्हणाली. "अशी कशी वो खड्ड्या-खड्ड्याची केली? पयली तं कशी गोरी दिसे!"

"गोरी होती, पन तुमच्या दुधात पडत होती ना, धुरपतामाय."

"हे पडनार नाई काय?"

पंचफुलानं पुढच्या चौकोनात दाभण रोवली. पडेल, हे तिला माहीत होतं. रेघा त्यासाठीच होत्या. पडायचं तर एक चौकोन सुटावा, शेजारच्यानं त्याच्यासोबत येऊ नये. पण हे बोलून दाखवलं की आधीच हरल्यासारखं होतं. तिनं प्रेमसिंगला हाक मारली आणि दोघांनी मोजायचं टेबल उचलून चौथऱ्यापासून दूर, कडुनिंबाखाली नेलं. एवढी साधी गोष्ट आधी कुणाला सुचली नव्हती, कारण टेबल पहिल्या दिवसापासून तिथंच होतं.

स्कायलॅब पडलं ते दूर समुद्रात आणि ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात. सकाळी रेडिओवर कळलं. गावात ज्यांनी कोंबड्या खाल्ल्या होत्या ते जरा ओशाळले. त्याच दिवशी टँकर येऊन गेला, आणि टाकी धुवायची वेळ झाली.

पुंजाजी मुद्दाम थांबले होते. दूध घालून झालेल्या बायकाही घरी गेल्या नव्हत्या. विमलबाई रिकामी कॅन घेऊन कुंपणाशी होती. प्रेमसिंगनं पाण्यात बोट घालून दाखवलं की उकळतं नाही, नुसतं गरम आहे, आणि सोडलं.

आतून पाण्याचा आवाज. मग लोखंडाचा तो कडकड आवाज, जो आजवर प्रेमसिंगशिवाय कुणी ऐकला नव्हता. बायका एक पाऊल मागं सरल्या. पंचफुला पुढं गेली. दाभणीच्या भोकांतून ओल बाहेर येऊ लागली होती. आधी ठिपके, मग ठिपक्यांभोवती काळसर वर्तुळं. एका ठिकाणी वाफेची बारीक रेघ निघाली आणि हवेत विरली. टाकी श्वास घेत होती. 

पट्.

एक चौकोन सुटला, विटांवर आपटला आणि दोन तुकडे झाले. टेबल होतं त्या जागेपासून हातभर अंतरावर.

 सगळ्यांची नजर वर, पुढच्या पडण्याची वाट बघत. शेजारचे चौकोन जागेवर होते.

"पडलंच ना शेवटी," पुंजाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"पडलं," पंचफुला म्हणाली.  "उद्याबी पडन, परवाबी पडन. पन एवढंच पडन, चेअरमन. परातीएवढं नाई पडनार. अन् हे एवढं मी ओल्या मातीनं दहा मिनिटांत भरून देतो. इंजिन थोडं जास्त चालन, ते खरं. कोनाच्या दुधात काई जानार नाई."

"म्हंजे रोज कोनी पाहाले पायजे."

"पायजे."

"कोन पाहीन रोज?"

 मागायचं ते तिनं मागितलं नाही. प्रेमसिंग खोकला. धुरपताबाईनं पुंजाजींकडं पाहिलं आणि म्हणाली, "कोन पाहीन म्हंजे? तुमी चढता काय शिडीवर, या पोटासंगं?"

हसू फुटलं. पुंजाजीही ओठातल्या ओठात हसले. "बरं. उद्यापासून ये. सकाळी मोजनं सुरू झालं की पाहाचं, टँकर जाऊन धुनी होईस्तोवर थांबाचं. कॅना धुनंबी तुह्याकडंच. पन पंचफुला, एक दिवस जरी चुकली अन् पडलं, तं..."

"चुकनार नाई."

म्हणताना तिला कळलं की आता आपल्याला कधीच गोविंदाकडं जऊळक्याला चार दिवस निवांत जाता येणार नाही. लग्नकार्याला गेलं तरी लक्ष इकडंच राहील. हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यात विसावा कुठंच नव्हता.

बायका पांगू लागल्या. धुरपताबाईच्या लुगड्यावर ओल्या मातीचा शिंतोडा उडाला होता. तो झटकायला तिनं हातातली कॅन पुढं केली. कॅनच्या तळाशी घरी नेण्यापुरतं दूध ठेवलेलं होतं. "धर वो जरा," ती म्हणाली, आणि पंचफुलानं धरली.

धुरपताबाई लुगडं झटकत, बडबडत राहिली. पंचफुलाला कॅन कुठं धरावी कळेना, छातीशी की अंगापासून लांब. आतलं दूध हलत होतं. तिची नजर मात्र वर गेली होती. डाव्या बाजूचा, नळाजवळचा एक चौकोन इतरांपेक्षा काळा दिसत होता.